मुंबईत एमबीएला निघालात? बॅग भरायच्या आधी हे वाचा

कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, मुंबईचं कॉलेज लागलं की घरी पेढे वाटून होतात, मामा-काकांचे फोन येऊन जातात, आणि मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटात गोळा येतो की राहायचं कुठे, एवढे पैसे आणायचे कुठून आणि त्या फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्या पोरांमध्ये आपलं होणार कसं. मी परभणीहून आले तेव्हा हे सांगणारं कोणीच नव्हतं, जे कळलं ते आपटून आपटून कळलं, म्हणून आठवेल तसं क्रमाने लिहितेय. माझं कॉलेज माटुंग्याच्या आसपास होतं, नाव राहू दे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. एमबीए, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या भाषेत एमएमएस, कागदावर दोन वर्षांचं आणि चार सेमिस्टरचं असतं. पण कॅपचे राउंड लांबत लांबत वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट नाहीतर सप्टेंबर उजाडतो आणि दिवाळीच्या आगेमागे समर इंटर्नशिपसाठी कंपन्या यायला लागतात, म्हणजे तुम्ही अजून कॅन्टीन कुठल्या मजल्यावर आहे ते विचारत असता आणि सिनियर येऊन म्हणतो की उद्या रात्रीपर्यंत सीव्ही पाठव. पहिले दहा-बारा आठवडे ज्याचे रूम शोधण्यात, दाखल्यासाठी गावी चकरा मारण्यात आणि ट्रेन चुकण्यात गेले त्याला नंतर पुष्कळ धावावं लागतं. मी त्यातलीच.

आधी कागद

गाव सोडायच्या आधी तहसील आणि सेतू केंद्राची कामं संपवा. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, कास्ट व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रिमीलेअर, कॉलेज सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. नॉन-क्रिमीलेअरची मुदत तारखेसकट बघा, माझ्या मैत्रिणीचं ऐन ॲडमिशनच्या वेळी संपलेलं निघालं. मी स्वतः एका शिक्क्यासाठी देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून परभणीला गेले आणि दुसऱ्या रात्री परत आले, आणि नेमकं त्याच दिवशी वर्गात प्रोजेक्टचे ग्रुप पाडले. उरलेल्यांच्या ग्रुपमध्ये मी गेले. त्याचं पुढे सांगते.

सगळ्याच्या दहा-दहा झेरॉक्स, पासपोर्ट साईझ फोटोंची दोन पाकिटं, आणि सगळे कागद स्कॅन करून फोनमध्ये एका फोल्डरला. तेवढं केलंत तरी निम्मं टेन्शन कमी.

मग पैसे. महाडीबीटीचं, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांचं, पोर्टल उघडल्याबरोबर फॉर्म भरा, शेवटच्या आठवड्यात साईट रांगते. ओपनमधून असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा, ट्युशन फीची निम्मी रक्कम त्यातून येते. मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं आहे, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झालीय. हे सगळं कॅपमधून ॲडमिशन झाली असेल तरच, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली असेल तर विसरा. राहण्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, एससीच्या मुलांसाठी स्वाधार आहे, त्यांच्या अटी नीट वाचा. आणि हे पैसे वेळेवर येतील असं धरून बजेट बनवू नका, आले की दिवाळी समजायची. आधार बँकेला लिंक आहे का तेही आत्ताच बघून घ्या, निम्म्यांचे पैसे तिथेच अडकतात.

लोन काढणार असाल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज होतो. शिकत असताना हप्ता नसतो म्हणून लोक निवांत राहतात, पण व्याज चढतच असतं, जमलं तर नुसतं व्याज तरी महिन्याला भरत राहा.

मग छप्पर, पण ट्रेनची लाईन बघून

मुंबईत घर शोधताना किलोमीटर विचारणारा माणूस नवीन आहे हे लगेच कळतं. इथे विचारायचं, कुठली लाईन, स्लो का फास्ट, आणि गाडी कुठे बदलावी लागते. जमनालाल बजाज आणि सिडनहॅमचं सिमस्री ही दोन्ही कॉलेजं चर्चगेटला, म्हणजे वेस्टर्नचं शेवटचं स्टेशन. वेलिंगकर माटुंग्याला सेंट्रलवर. सोमय्या विद्याविहारला, तेही सेंट्रल, आणि तिथे फास्ट थांबत नाही. एनएमआयएमएस विलेपार्ल्याला, एसपी जैन अंधेरीला, टिस देवनारला म्हणजे हार्बरचं गोवंडी. पवईला जे निटी होतं ते २०२३ पासून आयआयएम मुंबई झालं, तिथे पोरं कॅम्पसवरच राहतात, त्यामुळे हा भाग त्यांनी सोडून दिला तरी चालेल.

माटुंग्याचं वेगळं सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी फसतंच. माटुंगा सेंट्रलवर आहे, माटुंगा रोड वेस्टर्नवर आहे, आणि हार्बरने आलात तर किंग्ज सर्कल. तिन्ही एकाच भागात पण तीन वेगळी स्टेशनं. माझ्या पहिल्याच दिवशी मी माटुंगा रोडला उतरून सेंट्रलच्या बाजूचा पत्ता विचारत फिरले, वर पाऊस, आणि इंडक्शनला भिजलेल्या सलवारीत मागच्या बाकावर.

सुरुवातीला मी डोंबिवलीला मावशीकडे राहिले. मावशीचा जीव लाख मोलाचा, डबासुद्धा द्यायची, पण सकाळची डोंबिवली फास्ट म्हणजे आत शिरणं हीच पात्रता परीक्षा, मग दादरला उतरून उलटी स्लो पकडून एक स्टेशन मागे यायचं. दाराला दार जाऊन-येऊन तीन तास. आणि बी-स्कूलचं खरं काम संध्याकाळी सहानंतर सुरू होतं, ग्रुप मीटिंग, गेस्ट लेक्चर, विद्यार्थ्यांच्या कमिट्यांचे इंटरव्ह्यू, रात्री अकराला कोणीतरी म्हणतं चला अजून एकदा पीपीटी बघू. मी दर वेळी साडेआठला उठून निघायचे. दीड महिना असं केलं आणि मग वडाळ्याला तीन मुलींच्या रूममध्ये एक बेड घेतला, महिना १२ हजार, लाईटबिल वेगळं. महाग होतं, पण आज पुन्हा आले तर पहिल्या दिवसापासून हेच करीन आणि कपडे-हॉटेलात काटकसर करीन. ज्यांचं बजेटच नाही त्यांनी निदान समर्स, म्हणजे समर इंटर्नशिपची निवड, होईपर्यंतचे तीन महिने तरी जवळ राहा, नंतर लांब गेलात तरी चालतं.

रूम बघताना चार गोष्टी. पाणी किती वाजता येतं. रात्री किती वाजता गेट बंद होतं, आणि कॉलेजचं पत्र दाखवलं तर उशिरा येऊ देतात का. डिपॉझिट किती आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं. आणि ब्रोकर असेल तर त्याचं किती, साधारण एक महिन्याचं भाडं मागतात. तीन-चार जणांनी मिळून अख्खा फ्लॅट घेत असाल तर ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट रजिस्टर करून घ्या, कायद्याने ते रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची असते, 'तोंडी चालतं हो' असं कोणी म्हणालं की समजायचं. कुठलाही ॲडव्हान्स रूम डोळ्यांनी बघितल्याशिवाय फोनवर पाठवायचा नाही.

लोकलचे चार नियम

कॉलेज ऑफिसमधून कन्सेशनचा फॉर्म घ्या, पास साधारण निम्म्या पैशात पडतो. वयाची अट असते, ओपनला २५ पर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षं नोकरी करून आलेल्यांचं तिथे जमत नाही. फॉर्मवरच्या तारखेपासून मुदत थोडीच असते, खिशात ठेवून विसरू नका. एम-इंडिकेटर फोनमध्ये टाका. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा रविवारच्या केस कॉम्पिटिशनला (केस म्हणजे एखाद्या धंद्याचा खरा प्रसंग, चर्चेला दिलेला) जाताना आदल्या रात्री बघून ठेवा की कुठली लाईन बंद आहे.

लेडीज डब्यात शिरलं की बसलेल्या बायकांना विचारत जायचं, 'कुठे उतरणार?' आणि जी जवळचं स्टेशन सांगेल तिची सीट मनातल्या मनात बुक. पहिल्यांदा फार लाज वाटते. आठवड्याभरात सवय होते, आणि खरं सांगते, अनोळखी माणसाला तोंड उघडून काहीतरी मागायची माझी प्रॅक्टिस तिथेच झाली.

चर्चगेटला कॉलेज असेल तर मेट्रो ३ पण बघा, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झालीय. तिकीट लोकलपेक्षा बरंच जास्त, पण इंटरव्ह्यूच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट इस्त्रीचाच राहतो आणि बीकेसीला थेट उतरता येतं.

वर्ग, आणि इंग्लिशची ती भीती

आता मुद्द्याचं. पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की सगळ्यांना सगळं येतंय. कोणी दिल्लीच्या हिंदू कॉलेजचा, कोणी चार वर्षं बँकेत काम केलेला, कोणी सिनर्जी न् लेव्हरेज करत बोलणारा. दोन महिन्यांनी कळतं की त्यातल्या निम्म्यांना डेबिट-क्रेडिट येत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना स्टॅट्स. इंजिनियर अकाउंट्सला रडतात, बीकॉमवाले क्वांटला, म्हणजे गणिताला. तुम्हाला जे येतं ते पहिल्याच आठवड्यात कोणालातरी शिकवायला लागा, त्याच्या बदल्यात तो त्याचं शिकवतो. मी कॉमर्सची, दोन मेकॅनिकलच्या पोरांना बॅलन्स शीट शिकवली, त्यांनी मला एक्सेलमधलं पिव्होट आणि व्हीलुकअप. असा सौदा कुठल्याही क्लासपेक्षा भारी.

बोलण्याला इथे मार्क असतात, त्याला सीपी म्हणतात, क्लास पार्टिसिपेशन. काही जण मार्कांसाठी काहीही बोलतात, त्याला पोरं डीसीपी म्हणतात, डी म्हणजे डेस्परेट, म्हणजे हपापलेलं. तुम्ही मराठी मिडियमचे असाल तर सुरुवातीला एकच करा, केस आदल्या रात्री वाचून एक प्रश्न इंग्लिशमध्ये वहीत लिहून ठेवा आणि तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत तो विचारून टाका. नंतर चर्चा वेगात जाते, वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. प्रश्नाला व्याकरण थोडं लागतं आणि उत्तरापेक्षा तो जास्त लक्षात राहतो. वाक्य मध्येच अडलं तर हिंदी शब्द घुसवा, मुंबईत कोणी मान वर करून बघत नाही.

मला एक तास कायमचा लक्षात राहिलाय. ऑपरेशन्सला डबेवाल्यांची केस होती, हार्वर्डने २०१० मध्ये काढलेली. सर सांगत होते की १८९० च्या सुमारास सुरू झालेली सेवा, झाकणावरच्या खुणांवरून स्टेशन, बिल्डिंग, मजला सगळं कळतं, चुका जवळपास नाहीत. पोरं सिक्स सिग्मा सिक्स सिग्मा करत होती, म्हणजे जवळपास शून्य चुकांचं माप. तोपर्यंत एक शब्द न बोललेला राजगुरुनगरकडचा एक मुलगा उठला आणि मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, सर, एप्रिलमध्ये गावच्या जत्रेला सगळे डबेवाले सुट्टीवर जातात, पाच-सहा दिवस डबाच येत नाही, आणि तरी गिऱ्हाईक सोडून जात नाही, का? सर थांबले. मग पुढचा पाऊण तास त्याच प्रश्नावर गेला, की डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, जुन्नर, खेडचे, एकमेकांच्या नात्यातले, सुट्टी सगळे एकदम घेतात आणि आधी सांगून घेतात, म्हणून ती बिघाड न वाटता कॅलेंडरचा भाग वाटते. त्या मुलाचे काका ते काम करायचे. तुमच्याकडेही असं काहीतरी असणारच, आडतीवरची पट्टी कशी होते, दूध संघाचा दहा दिवसांचा पगार कसा निघतो, भिशी बुडते तेव्हा आधी कोण बुडतं. दक्षिण मुंबईतल्या पोराला हे माहीत नसतं. वापरा.

ग्रुप प्रोजेक्ट

उरलेल्यांच्या ग्रुपचं सांगते म्हटलं होतं. सहा जणांपैकी दोघं काम करायचे, एक फक्त प्रेझेंटेशनच्या दिवशी ब्लेझर घालून यायचा, बाकीचे व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवायचे. मी रागाने सगळं स्वतः केलं, रात्री दोनपर्यंत स्लाईड्स बनवल्या, मार्क सगळ्यांना सारखे. दुसऱ्या सेमिस्टरला शहाणपण आलं. पहिल्याच मीटिंगला प्रत्येकाच्या नावापुढे काम आणि तारीख लिहून ती लिस्ट ग्रुपवर टाकायची, आणि ज्याचं आलं नाही त्याची स्लाईड रिकामी ठेवायची, खाली त्याचं नाव. भांडायचं नाही. एकदाच रिकामी स्लाईड सरांसमोर गेली की पुढच्या वेळी लोक वेळेत पाठवतात.

ग्रुप निवडायची संधी मिळाली तर जिगरी दोस्त घेऊ नका. जो तुमच्या स्टेशनच्या जवळ राहतो तो घ्या. हसू नका, उशिरापर्यंत तोच थांबतो.

सीव्ही आणि समर्स

सीव्ही एकच पान. सिनियर्सचे जुने सीव्ही मागून घ्या, देतात, फक्त तोंड उघडायला लागतं. गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार होता का? वर्गणी किती जमवली, हिशोब कसा ठेवला, आकडे घालून लिहा, इंटरव्ह्यूला त्यावर छान बोलता येतं. फिनान्सला जायचं असेल तर सुरुवातीच्या सुट्टीत एनआयएसएमची एखादी परीक्षा देऊन टाका, सेबीने काढलेली संस्था आहे, फी फार नसते आणि सीव्हीवर एक खरी ओळ येते. खोटं काही लिहू नका, वाचनाची आवड लिहिलंत तर शेवटचं काय वाचलं ते विचारतातच.

कमिटीसाठी सगळे प्लेसमेंट कमिटीकडे धावतात. पॉवर असते हे खरं, पण काम मरणाचं, कंपन्यांना फोन करकरून घसा बसतो आणि शॉर्टलिस्टमध्ये नाव नसलेला प्रत्येक जण तुमच्यावर खार खाऊन असतो. मी गेस्ट लेक्चरवाल्या कमिटीत होते, पाहुण्यांना गेटपासून हॉलपर्यंत आणायचं काम. त्या पाच मिनिटांच्या लिफ्टमध्ये झालेल्या गप्पांतून माझी समर इंटर्नशिप निघाली. हे प्रत्येकाचं होईल असं नाही.

पहिल्या दोन-चार कंपन्यांत नाव नाही आलं की जग बुडाल्यासारखं वाटतं. हॉस्टेलच्या पोरी जेवण टाकतात. तसं करू नका, खाली उतरून काहीतरी खाऊन या.

खाण्यावरून

मेसचा डबा घरून येणाऱ्या डब्यासारखा नसतो, अपेक्षाच ठेवू नका. माटुंगा स्टेशनसमोर रामा नायकचं उडुपी, १९४२ पासूनचं, केळीच्या पानावर पोटभर जेवण. कॅफे मद्रासला सकाळी लवकर जा, नाहीतर रांग. चर्चगेटवाल्यांना खाऊगल्ली आहे, आणि केस संपून डोकं फिरलं की के. रुस्तमचं बिस्किटातलं आईस्क्रीम घेऊन मरीन ड्राईव्हच्या कट्ट्यावर. घरच्या चवीची फारच आठवण आली तर दादरचं आस्वाद किंवा प्रकाश. परभणीच्या माणसाला तिथलं तिखट गोडच लागेल, तर येताना घरून ठेच्याची बरणी आणा, आणि जास्तीची आणा, माझी रूममेट्सनी आठ दिवसांत संपवली.

पॅकेजचा आकडा वाचताना

प्लेसमेंट रिपोर्टमध्ये सरासरी मोठी दिसते, तुम्ही मीडियन बघा, म्हणजे पगार लहान ते मोठे रांगेत लावल्यावर मधल्या माणसाला काय मिळालं. दोन जणांना परदेशातलं पॅकेज लागलं की सरासरी उडी मारते, मधला माणूस जागचा हलत नाही. आणि प्लेसमेंटला एकूण किती मुलं बसली होती तेही विचारा.

ऑफर हातात आली की सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणारा एकूण खर्च, सोलून बघायचा. समजा १२ लाख लिहिलेत. त्यात १ लाख जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणार आणि वर्षाच्या आत सोडलंत तर बहुतेक ठिकाणी परत द्यावा लागणार. दीड लाख व्हेरिएबल, मिळेल तेव्हा खरं. बेसिक ४ लाख असेल तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ४८ हजार, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १९ हजारांच्या वर, जी साधारण पाच वर्षं टिकलात तरच, आणि इन्शुरन्स वगैरे १२-१३ हजार. हे सगळं काढलं की उरतात ८ लाख ७० हजार, त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ अजून ४८ हजार आणि प्रोफेशनल टॅक्स अडीच हजार. म्हणजे महिन्याला हातात ६८ हजारांच्या आसपास. गावात बाबा एव्हाना 'महिना एक लाख' सांगून मोकळे झालेले असतात, म्हणून हे गणित आधी त्यांना समजावा. लोनचा हप्ता या ६८ मधून जाणार आहे आणि मुंबईतच राहिलात तर भाडंपण.

पीजी (पेइंग गेस्टची रूम) सोडताना

रूममध्ये राहायला आलात त्या दिवशीच भिंती, गादी, कपाटाचं दार, बाथरूमचा नळ सगळ्याचे फोटो काढा आणि घरमालकिणीला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. मी काढले नव्हते. सोडताना काकूंनी कपाटाचं मोडकं बिजागर, पंख्याचा आवाज आणि भिंतीवरचा ओलीचा डाग, जो मी यायच्या आधीपासून तिथे होता, असं सगळं माझ्या नावावर टाकून डिपॉझिटमधले साडेतीन हजार कापले. नोटीस व्हॉट्सॲपवर लेखी द्या, महिनाभर आधी, आणि शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होतंय का ते त्याच मेसेजमध्ये विचारून टाका.